एक नंबरची जागा

"वीस माणसं गोळा केली की एकविसावी जागा फुकट. म्हणजे पैसे भरायचे आपण आणि समुद्राची हवा खायची नेस्टाने!"

ग्लेनिसने हे ऑल्वेनच्या कानात सांगितलं खरं, पण चॅपेलमागच्या त्या खोलीत कुजबुजसुद्धा पार बिस्किटांच्या डब्यापर्यंत पोचते. भिंतीवर सहलीचा कागद लावणाऱ्या नेस्टाचा हात क्षणभर थांबला. मग उरलेली टाचणी टोचून ती म्हणाली, "यंदाही लॅन्डिडनोचा समुद्रच. चार दिवस. नावं द्या गं बायांनो."

"अकरा वर्षं ही बाई तुमच्या जिवावर हिंडतेय," ग्लेनिस म्हणाली. "मला काय, माझे पैसे गेथिन भरतो. ऑस्ट्रेलियातून थेट नेस्टाकडेच पाठवतो, आईला बँकेत हेलपाटे नकोत म्हणून. पण तुमचं काय?"

"साखर दे जरा," ऑल्वेन म्हणाली. तिच्या चहात आधीच दोन चमचे साखर होती.

गेथिनला तिकडे जाऊन बारा वर्षं झाली होती. सुरुवातीला दोनदा येऊन गेला. मग मुलं झाली, घर झालं, विमानाची तिकिटं महागली. गेल्या नऊ वर्षांत ग्लेनिसने त्याला पाहिलं ते फोनच्या काचेत. तिने कधी बोल लावला नाही. दर उन्हाळ्यात आईची सहल न चुकता भरतो, आणखी काय करायचं पोराने?

पण त्या दिवशी कप विसळता विसळता तिच्या मनात आलं, ती फुकटची जागा आपणच मिळवली तर? त्याचे तेवढे पैसे वाचतील. त्यात थोडी भर घालून तो तिकीट काढेल. येईल.

दुसऱ्याच दिवशी तिने नेस्टाला सांगितलं, यंदाची सहल मी नेते. नेस्टा एवढंच म्हणाली, "बरं. यंदा तू ने."

"वीस नावं आणा, तुमची जागा फुकट," बसवाल्यांच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली.

"मला पुढचीच हवी हं, एक नंबरची. गाडी लागते मला."

मुलीने जुने कागद चाळले. "ती तुमचीच असते की, मावशी."

माणसं जमवणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं, हे ग्लेनिसला आठवड्याभरात कळलं. एकीला तळमजल्याचीच खोली हवी. दुसरीला आयव्हरशेजारी बसायचं नाही, कारण तो झोपेत भजनं म्हणतो, तीही बेसूर. तिसरी म्हणे, माझं कुत्रं कोण बघणार? ग्लेनिसने कुत्र्याचीही सोय लावली. दारोदार एकच प्रश्न, "नेस्टाला माहीत आहे ना?" आणि मग पायपुसण्याकडे बघत नाव देणं. काय एवढा नेस्टाचा धाक, ग्लेनिसला कळेना.

एकोणीस झाली. विसावं काही मिळेना.

शनिवारी दार वाजलं. नेस्टा उभी होती, हातात गरम वेल्श केकचा डबा.

"विसावं माझं लिही. मागची जागा दे, टॉयलेटजवळची. सवयीची आहे."

ग्लेनिसला जरा ओशाळल्यासारखं झालं. "आत तरी ये."

नेस्टा आत आली नाही. "गेथिनला काही बोललीस का गं?"

"कळवणार ना आज! म्हणणार, यंदा पैसे नको पाठवूस, तिकिटाला ठेव."

"मी कळवते त्याला. तू नको."

"तू कशाला? मुलगा माझा आहे!"

नेस्टा डबा ग्लेनिसच्या हातात देऊन उतार उतरून गेली.

ग्लेनिसने त्याच संध्याकाळी गेथिनला कळवलं. त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. "छान, आई. मजा कर."

"बघ," ग्लेनिसने फोन ऑल्वेनच्या नाकासमोर धरला. "पैशांबद्दल एक अक्षर नाही. केलेलं बोलून दाखवायचा स्वभावच नाही त्याचा. बापावर गेलाय."

ऑल्वेनने फोनकडे पाहिलं, मग खिडकीकडे. या खेपेला तिने साखर मागितली नाही.

सहलीच्या सकाळी ग्लेनिसने ठेवणीतला निळा कोट घातला, दारात उभी राहून वीस डोकी मोजली, सगळ्यांना पेपरमिंट वाटलं. बस चढणीला लागली तशी तिने चालकाकडून माइक मागून घेतला आणि एक नंबरच्या जागेला टेकून उभी राहिली.

"मंडळी, दोन बातम्या आहेत. एक, माझा गेथिन नाताळला घरी येतोय. म्हणजे येणारच! यंदा सहलीचे पैसे वाचले ना त्याचे. आणि दुसरी, आपल्या नेस्टाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढलंय. टाळ्या!"

एकही टाळी वाजली नाही. कुणी चष्मा पुसायला काढला. कुणी बाहेरच्या मेंढ्यांकडे असं बघू लागलं, जणू जन्मात मेंढी पाहिली नाही.

"अगं हसा की! गंमत केली."

"नेस्टा दरवर्षीच तिकीट काढते," दोन नंबरवरून ऑल्वेन म्हणाली.

"हो का? मग फुकटची जागा काय मेंढ्यांना देते?"

"ऑल्वेन, पुरे." नेस्टा पार मागे उभी राहिली होती. "कशाला ते आता?"

"नाही गं, नेस्टा. आता ही नाताळपर्यंत खिडकीत वाट बघत बसेल. ते नाही बघवायचं मला."

ऑल्वेनने ग्लेनिसच्या हातातून माइक हळूच काढून घेतला, बंद केला आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग कानाशी तोंड नेलं.

"गेथिनचे पैसे कधी आलेच नाहीत. फुकटची जागा एक नंबरचीच असते, ग्लेनिस. अकरा वर्षं तीच आहे."