कुणावर गेली

नात झाल्यापासून घरात एकच चर्चा होती, ती कुणावर गेली याची. कान व्याह्यांचे, गालावरची खळी व्याह्यांची, झोपेत कपाळाला आठ्या घालायची सवयसुद्धा त्यांचीच. "व्याहीबुवा, तुमचं काहीच उचललं नाही हो पोरीने," असं ते हसत म्हणायचे. मीही हसायचो आणि मग खोलीत जाऊन आरशात स्वतःचे कान निरखत बसायचो. या वयात हे शोभत नाही, हे कळत होतं. तरी जळायचो.

तिची तोंडातली टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. ऑपरेशनच्या आधी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही घरच्यांना बोलावलं आणि टॉर्च घेऊन एकेकाला तोंड उघडायला लावलं. माझ्या घशात त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"आजोबा, तुमची पडजीभ टोकाला दुभंगलेली आहे. टाळूच्या याच दोषाची ही सौम्य खूण असू शकते, म्हणून तुम्हाला कधी त्रास झाला नसेल. नक्की काय ते रक्ततपासणीत कळेल, पण हे बहुधा तुमच्याकडून आलंय."

सूनबाईने बाळाला छातीशी धरलं. इतके महिने मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि माझी मान वर होत नव्हती.



तेवढ्यात, तपासून झालेले व्याही पुन्हा खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, माझा घसा परत एकदा नीट बघा. पोर सगळी माझ्यावर गेलीय."