चौदाव्या दिवशी

“ब्याण्णव किलो वजन असताना किडनी देता येणार नाही. आधी वीस किलो उतरवा,” डॉक्टरांनी हेमलताला बजावलं. डायलिसिसवर असलेला धाकटा भाऊ शेजारी मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागली. साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. गुडघे सुजले तरी थांबली नाही. शेजारणी हसायच्या, “या वयात कुणाला दाखवायचंय?” भाऊ मात्र रोज फोन करायचा, “ताई, आज किती फेऱ्या?”

वर्षभरात पंधरा किलो उतरले, आणि भाऊ गेला.

चौदाव्या दिवशी हेमलतानं बूट चढवले, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. “आता कुणासाठी गं? ज्याला द्यायची, तोच राहिला नाही!”

हेमलतानं वाकून बुटाची नाडी घट्ट बांधली. “त्याच्यासाठी सुरू केलं होतं, आई. पण आता जिना चढताना मला दम लागत नाही. तो गेला म्हणून मीही अंथरूण धरू का?”

त्यांना अलगद बाजूला सारून ती बाहेर पडली. त्या सकाळी मैदानावर ती पहिल्यांदाच धावली.