आक्काचा नेम

आक्काताईनं दंड पदराआड घेतला. सुकुमारनं भरलेली सुई त्याच्या हातात तशीच राहिली.

"टोचू नकोस. बस्तीत देवापुढं नेम घेतलाय मी."

सुई नाकारल्याचा आज तिसरा दिवस. अकरा वर्षं रोज दोन वेळा इन्सुलिन टोचून घेत ही बाई जगली होती. आई गेल्यावर धाकट्या भावाला, सुकुमारला, तिनंच वाढवलं. तो शिकला, अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला. शरीर कशानं वाढतं, रक्तातल्या साखरेचं पुढं काय होतं, हे उंदरांवर तपासण्यात त्याची बारा वर्षं गेली. सत्त्याहत्तर साली तो सुट्टीवर आला, तर समडोळीच्या गावकऱ्यांनी बस्तीपुढं, म्हणजे गावच्या जैन मंदिरापुढं, मांडव घालून त्याचा सत्कार ठेवला.

तिथंच घात झाला. शाळेतल्या गुरुजींनी विचारलं, हे इन्सुलिन येतं कुठून? सुकुमार गडी रंगात आला होता. गायी-डुकरांच्या पोटातलं स्वादुपिंड कत्तलखान्यातून कसं गोळा करतात, त्यातून औषध कसं काढतात, सगळं खुलासेवार सांगून मोकळा झाला. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, कांदालसूण न शिवणाऱ्या बायका पुढ्यात बसल्या होत्या. त्यात आपली बहीण आहे, हे शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

आता तिच्या श्वासाला नासायला आलेल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिनवाचून ती आता दोन-चार दिवसांचीच सोबती आहे, हा त्या वासाचा अर्थ घरात एकट्या सुकुमारला कळत होता. मिरजेच्या दवाखान्यात न्यायची गोष्ट काढली, तर तिनं गळ्याची शपथ घातली. तिचे यजमान रामगोंडा दाराला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "तूच सांगितलंस न्हवं? आता तूच समजाव की रं तिला."

सुकुमार तिच्या पायाशी बसला. त्याला रडू आवरेना.

"आक्का, औषध हाय ते. पाप लागलं तर मला लागू दे."

"ठावं नव्हतं तवर घेतलं. आता कसं घेऊ?"

शेवटी म्हणाला, "आक्का, जनावर न मारता इन्सुलिन करायचं काम चाललंय तिकडं. आमी पण त्यातच हाय. हुणार ते, नक्की हुणार."

आक्काचे खोल गेलेले डोळे एकदम उजळले. "तू करणार? किती दिस लागतील?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिच्यापुढं ते त्याला कधीच जमलं नव्हतं.

"पाच-सहा वर्सं तरी."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग रडतोस कशाला येड्या? तवर थांबते की मी."