चपला आत

जयवंतीबाई चपला घालूनच आत गेल्या.

असं काही घडलेलं नाही. बोईसरच्या त्या मधुमेह रुग्णालयात, पाऊल तपासणीच्या खोलीत, आजवर कुणीही चपला घालून गेलेलं नाही. दारावरचा मिथुन हे शपथेवर सांगेल. तेव्हा त्या अजून दाराबाहेरच उभ्या आहेत, असं धरून चालू.

दारावर पाटी होती: ‘चपला-बूट बाहेर काढावेत.’ दारातून आत पाहिलं की समोरच्या भिंतीवर दुसरी: ‘मधुमेही रुग्णांनी एक पाऊलही अनवाणी टाकू नये.’ दोन्ही पाट्या एकाच पेंटरने रंगवल्या होत्या. मधे थांबून त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं.

“मावशी, चपला,” मिथुन म्हणाला.

“हायत ना पायात.”

“त्याच काढायच्या.”

“याच दवाखान्यानं दिल्यात. जाड तळाच्या, बघ. पायाला काय लागलं तरी कळत नाय मला, म्हणून. झोपताना सोडून काढायच्या नाय, डॉक्टरीणबाय बोलल्यात.”

“ते घरी. हा दवाखाना हाय. इथं इन्फेक्शन होतं.”

“आणि तुझे बूट?”

“ते युनिफॉर्म हाय.”

“मंग हा माजा युनिफॉर्म. शुगरवाल्यांचा.”

रांगेत कुणीतरी हसलं. मिथुनला ते आवडलं नाही. पण तो मनोरचा सरळ पोरगा होता, त्याने तोडगा काढला.

“व्हीलचेअर घ्या. पाय जमिनीला लागणारच नाय.”

“आण.”

“तिची चिठ्ठी आतून आणावी लागते.”

“आत कशी जाऊ?”

“चपला काढून.”

मागे बाकावर माकुणसारच्या रंभाबाई बसल्या होत्या. त्यांनी एक चप्पल काढून ठेवली होती, दुसरी अर्धी निघाली होती. “अगो, काढ की,” त्या म्हणाल्या. “दाराच्या आत तर जायचंय. आमचा पण नंबर जाईल.”

जयवंतीबाई वळल्या. भिंतीला हात टेकून त्यांनी उजवा पाय उचलला आणि रंभाबाईंसमोर धरला.

“मे महिन्यात काढल्या होत्या. तवा रांग मागच्या अंगाला होती, पत्र्याच्या उतारावर. पत्रा तापलेला. मला काय कळतंय? मी आपली उभी, नंबर येईपर्यंत. आत गेले तर डॉक्टरीणबाय पाय बघून विचारतात, ‘मावशी, अनवाणी कुठं गेला होता?’ मी बोलले, ‘तुमच्याकडंच आले.’”

पायाला चार बोटं होती.

रंभाबाईंनी ती मोजली नाहीत. त्यांनी खाली वाकून बाकाखालची चप्पल ओढली आणि पुन्हा पायात घातली. त्यांच्या शेजारच्यानेही घातली. मग रांगभर नुसता चपलांचा आवाज झाला.

“नियम म्हणजे नियम हाय, मावशी,” मिथुन म्हणाला, पण आता जरा हळू.

“घरात देवीपुढं याच घालून दिवा लावते मी. जाऊबाय तवापासून बोलत नाय माज्याशी. देवीनं काय मनाला लावून घेतलं नाय. तू कोण लागून गेलास?”

“मी कंत्राटी,” मिथुनने खरं ते सांगितलं. मग तो जवळ आला. “मला विचारलं तर काय सांगू?”

“सांग, पंखा बघत होतास.”

मिथुनने मान वर केली. पंखा बंद होता. तरी तो बघत राहिला. जयवंतीबाई गेल्या, रंभाबाई गेल्या, त्यांच्यामागे अख्खी रांग गेली. पंख्यात बघण्यासारखं पुष्कळ असावं.

आत डॉक्टर समिधांनी जयवंतीबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि नायलॉनचा बारीक दोरा काढला.

“जाळं विणताय काय?” समुद्रकाठच्या नवापुरात, कोळीवाड्यात जन्म गेलेल्या जयवंतीबाईंनी विचारलं.

“डोळे मिटा. दोरा टोचला की सांगा.”

जयवंतीबाई डोळे मिटून बसल्या. बराच वेळ गेला.

“करा की चालू.”

“झालं, मावशी.”

त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर दोरा परत ठेवत होत्या.

“जखम मात्र भरलीय,” डॉक्टर म्हणाल्या. “उरलेली चार राहतील. पुन्हा अनवाणी चाललात तर मी कसलीच हमी देत नाही. बोटाची नाही, पायाचीही नाही.”

“मंग ती दारावरची पाटी काढा.”

“मी सांगून सांगून थकले. पेशंटचा लेखी अर्ज लागतो म्हणतात.”

“लिवा.”

डॉक्टरांनी कागद ओढला. जयवंतीबाई सांगत गेल्या आणि डॉक्टर त्याचं सरकारी मराठी करत गेल्या. तिसऱ्या वाक्याला त्यांचं पेन थांबलं.

“मावशी, आपण पाटीबद्दल लिहितोय ना?”

“तुमी लिवा.”

डॉक्टरांनी लिहिलं.

‘मा. अधीक्षक यांस, मी जयवंतीबाई, राहणार नवापूर. आपल्या पाटीबाबत माझी तक्रार नाही. ती आपण खुशाल ठेवावी. यापुढे मी ती वाचणार नाही. मात्र मे महिन्यात सदर पाटीचे पालन केल्यामुळे माझ्या उजव्या पायाचे अंगठ्याशेजारील बोट आपल्या रुग्णालयात जमा झालेले आहे. त्याची पोच मला अद्याप मिळालेली नाही. तरी सदर बोट मूळ स्थितीत मला परत करण्यात यावे, ही विनंती.’