अडीअडचणीचे वीस टक्के

“इंजिन तीन सेंटिमीटर उंच आहे,” बाबा म्हणाले. “बॉनेट लागणार नाही.”

नव्या इंजिनाच्या मापाची त्यांनी प्लायवुडची पेटी केली होती आणि ती गाडीच्या रिकाम्या पोटात उतरवून बघत होते. जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलेला माणूस. आधी लाकूड, मग लोखंड, हा त्यांचा नियम. गॅरेजवाले पान्हेकाका शेजारी मान डोलावत उभे होते. चिरंजीवांनी वहीत लिहून घेतलं: इंजिनाखालचा आडवा दांडा कापून खाली घेणे.

चिरंजीव म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ. पुलांच्या बांधकामांची वेळापत्रकं आखणं हा त्यांचा पेशा. बत्तीस वर्षांच्या गाडीचं इंजिन बदलायचं म्हटल्यावर वही त्यांच्याच हातात येणार. अपघातातल्या गाडीचं चांगलं इंजिन, ते टेकवायची माउंटिंग, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सर, मजुरी, आणि सगळ्यावर वीस टक्के अडीअडचण. बाबांनी बेरीज पाहिली आणि म्हणाले, “करू या. निम्मे माझे.” घासाघीस नाही, काही नाही.

वही चोख होती. फक्त तिच्यात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ही गाडी पुन्हा कधीही रस्त्यावर येणार नव्हती.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग शेजाऱ्यांच्या फाटकानेही सांगितलं. पुढच्या खेपेला फाटकाच्या जागी माणूस असला तर? या विचाराने चिरंजीवांची झोप उडाली. त्यांनी फोनवर “आता गाडी बंद” असं बजावलं, तर बाबा म्हणाले, “बंद कशाला? धूर फार सोडते, इंजिन बदलू.” बाबांना नको म्हटलं की ते हटकून करणार, हा घरातला जुना अनुभव.

तेव्हा चिरंजीवांनी डोकं चालवलं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. त्यांनी पान्हेकाकांना बाजूला घेतलं.

“काम चालू ठेवा. संपवू मात्र नका. दर महिन्याला तुमचं पाकीट मी वेगळं देईन.”

पान्हेकाकांनी बराच वेळ कान खाजवला. “म्हणजे इंजिन न बसवायचे पैसे?”

“उशिराचे म्हणा.”

“चालेल,” ते म्हणाले, आणि का कोण जाणे, हसले.

तेव्हापासून दर रविवारी चिरंजीव दोन तास गाडी हाकत येऊ लागले. लक्ष ठेवायलाच हवं होतं. बाबांनी वैतागून दुसरं गॅरेज गाठलं तर सगळं मुसळ केरात. एरवी त्यांची वर्षातून दोनदा फेरी व्हायची, आणि फोन ‘जेवलात का’च्या पुढे सरकायचा नाही.

पान्हेकाकांकडे रविवारी नवी अडचण तयार असायची. कधी रेडिएटर पंख्याला घासतो. कधी वायरिंगचे रंग जुळत नाहीत. एकदा तर उजव्या बाजूचं माउंटिंग चक्क डाव्या बाजूचं निघालं. चिरंजीव मनातल्या मनात हात जोडत. हा गडी कलावंत आहे, यातलं एकही आपल्याला सुचलं नसतं.

बाबा मुळीच चिडत नसत. “घाई कशाला? लोखंड आहे, नासत नाही.”

दुपारी दोघं गॅरेजच्या बाकावर बसून डबा खात. एकदा बाबा म्हणाले, “पंधरा वर्षांचा असताना हीच गाडी चोरून काढलीस आणि झाडाला लावलीस. तुझ्या आईला मी सांगितलं, मीच ठोकली.”

“आईला पटलं?”

“खोटं नीट बेतून बोललं की पटतं.”

दोघं खूप हसले. चिरंजीवांना ते हसणं पुढे आठवडाभर पुरलं.

चौदा महिने गेले. वीस टक्के कधीच संपले होते. वहीत आणखी वीस टक्के आले. चिरंजीव समाधानी होते. इतकी बिनचूक योजना त्यांच्या एकाही पुलाच्या वाट्याला आली नव्हती.

पंधराव्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी पान्हेकाकांनी त्यांना दारातच अडवलं.

“आता माझ्याच्याने होत नाही. इंजिन बसलंय. काल चावी फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. मुद्दाम वाईट काम करायला माझा हातच धजत नाही हो.”

“बाबांना सांगितलंत?”

“कालच.”

“आणि चावी?”

“गाडीलाच आहे. ते बघा, तिथेच आहेत.”

बाबा बॉनेटखाली वाकले होते. जीभ दातांत धरून, पान्ह्याने काहीतरी हळूच सोडवत होते. मुलगा आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

पान्हेकाकांनी खणातून पाकिटांचा गठ्ठा काढून चिरंजीवांच्या हातात ठेवला. “ही तुमची चौदा. एकाच कामाचे दोघांकडून घेणं बरं नव्हे.”

“दोघांकडून?”

पान्हेकाकांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला. ती परवाना कार्यालयाची पावती होती. वाहन चालवण्याचा परवाना बाबांनी स्वखुशीने परत केल्याची. तारीख फाटकाच्या दुसऱ्या दिवसाची.

चिरंजीवांनी कागद उलटला. मागे बाबांचं फळ्यावरचं सुवाच्य अक्षर. ‘मुलाला सांगायच्या अडचणी’, असा मथळा. रेडिएटर पंख्याला घासतो. वायरिंगचे रंग जुळत नाहीत. उजवं माउंटिंग डावं निघालं. प्रत्येकीपुढे ‘सांगून झाली’ अशी खूण. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने: ‘काम संपतच आलं, तर एखादा नट मीच काढून ठेवीन. गाडी झाली की त्याचं येणं थांबेल.’