काळोखातला कॅमेरा

पुतळीला पडद्यासमोर खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही.

"बघायचंच म्हणताय म्हणून दाखवतोय," हर्षद म्हणाला. जेट्टीच्या सुरक्षेचं काम त्याच्याकडे होतं. "काळुराम पडला तो जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

"मंग नखांत चिखल कशाला?" पुतळीने विचारलं.

काळुराम तिचा धाकटा भाऊ. धरमतरच्या खाडीत, जेट्टीला लागणाऱ्या बार्जचे दोर बांधायचं त्याचं काम. अमावास्येच्या रात्री ओहोटीला तो खाली चिखलात पडला आणि सकाळी जेट्टीच्या खांबाला अडकलेला सापडला. पेणच्या सरकारी दवाखान्यातून मयत घरी आणलं तेव्हा पुतळीने त्याचा हात हातात घेतला होता. सगळी नखं काळी, पार आतपर्यंत भरलेली. तेव्हापासून ती रोज कंपनीच्या फाटकावर येऊन उभी राहायची. शेवटी आज दुपारी तिला आत घेतलं.

कॅमेरा नवा होता. तो लागल्यावर रात्री जेट्टीवर फिरणारे दोन्ही वॉचमन कमी केले होते. कॅमेरा बनवणाऱ्यांनी पुण्याहून नम्रताला पाठवलं होतं. तिनेच रेकॉर्डिंग लावलं.

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके सरकले. ठिपक्यांचाच एक माणूस झाला. चालताना त्याचा डावा खांदा खाली पडत होता.

"ह्योच माझा काळू," पुतळी म्हणाली.

ठिपक्यांचा माणूस कडेला वाकला, कोलमडला, खाली गेला. मग नुसता काळोख.

"आता कुठं गेला?"

"मावशी, हा कॅमेरा फोटो काढत नाही," नम्रता म्हणाली. "जे हलतं तेवढ्याचेच ठिपके उमटवतो. म्हणून तर अंधारातही चालतो. जे हलत नाही, ते ह्याला दिसत नाही."

"म्हणजे हलला नाही," हर्षद घाईने म्हणाला. "मी तेच सांगतोय."

पुतळी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हळूच खुर्चीत टेकली. "तरास नाय झाला, म्हंजे," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

नम्रताच्या कपाळावर आठी पडली होती. "खाडीचं पाणी कुठाय पण? पाणी तर हलतं. इतक्या कमी उजेडात उगाचचेसुद्धा ठिपके येतात. हे अगदीच कोरं आहे. फिल्टर कितीवर ठेवलाय तुम्ही?"

"पूर्ण," हर्षद म्हणाला. "जेट्टीखाली खेकडा चालला, बगळा उडाला, की भोंगा. गेस्ट हाऊसवर साहेबलोकांची झोपमोड व्हायची. मग बारीकसारीक सगळं गाळून टाकायला लावलं. मोठं काही बराच वेळ हललं, तरच वाजणार."

"गाळलेलंही आत साठतं. थांबा."

"कशाला? राहू द्या—"

तोवर नम्रताने फिल्टर काढला होता. पडदाभर चुरचुर उठली. एका बाजूला पाण्याची कड थरथरत होती, खेकडे तुरुतुरु पळत होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ठिपक्यांचा एक छोटासा पुंजका. विझायचा. थोड्या वेळाने तिथेच उमटायचा.

"बघा, सेन्सर किती नाजूक आहे!" नम्रताचा आवाज चढला. "चंद्र नाही, दिवा नाही, तरी नुसती बोटं हलली तर—"

ती थांबली.

पंख्याचा आवाज येत राहिला. हर्षद खिडकीकडे वळला, पुन्हा इकडे वळला. पाण्याची कड हळूहळू वर सरकत होती. पुंजका विझला. पुतळी खुर्चीतून उठली. पुंजका पुन्हा उमटला.

"म्हंजे ह्या कॅमेऱ्याला दिसत व्हता," पुतळी म्हणाली.

हर्षदने नम्रताला डोळ्यांनी खुणावलं. तिचा हात माऊसकडे गेला. पुतळीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बंद नको करू गो," ती म्हणाली. "अजून हलतोय तो."