फेब्रुवारीचं बाळ

“डॉक्टर, बाळ जानेवारीतच काढून घेता येईल का?”

महरीनने हे विचारलं तेव्हा डॉक्टर तिच्या भावाच्या, अरशदच्या, गोळ्या लिहीत होते. त्यांचा हात थांबला. ते मनोविकारांचे डॉक्टर. बाळंतपणाचं त्यांना रत्नागिरीत आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“दिवस कधी भरतात?”

“फेब्रुवारीत. पण मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना.”

डॉक्टरांना आठवलं. अरशदचा जन्ममहिना विचारून ते सहज बोलून गेले होते. थंडीत जन्मलेल्यांना स्किझोफ्रेनिया किंचित जास्त होतो असं परदेशात आढळलंय, आणि इथल्या खाडीकाठच्या पेशंटांत तर फेब्रुवारीचेच फार दिसतात. बोलून ते विसरले. महरीन विसरली नाही. भावाला भिंतीशी भांडताना तिने पाहिलं होतं. महिनाभर तिला जेवण गेलं नव्हतं.

“अपुऱ्या दिवसांचं बाळ काढलं तर त्यात नुकसानच आहे,” डॉक्टर म्हणाले. “आणि फरक अगदी थोडा असतो. हजारात दहाजणांना होत असेल तर तिथे थंडीत जन्मलेल्यांत अकरा.”

“ते तिथे. आणि इथे?”

डॉक्टरांची नजर टेबलाच्या काचेखालच्या फोटोकडे गेली. अडलं की ते तिकडेच बघत. फोटोत एक खलाशी बोटीच्या डेकवर उभा होता.

दोघा भावंडांची आई, रझिया, मघापासून ओढणी तोंडाशी धरून बसली होती. डॉक्टरांना वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

“डॉक्टर, आमच्या मोहल्ल्यात फेब्रुवारी सोडून जन्मतो कोण? पुरुष सगळे मस्कतला नि दुबईला. सुट्टी काढतात ती मे महिन्यात. आंबे खातात नि जून लागला की परत. आता तुम्हीच धरा नऊ महिने.”

“अम्मी, गप गो,” महरीन पुटपुटली.

अरशद खिडकीबाहेर बघत होता. तसंच बघत तो म्हणाला, “आमची क्रिकेटची अख्खी टीम फेब्रुवारीची. गोळ्या मी एकटाच खातो.”

किती दिवसांनी तो थट्टा करत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मी पेशंट मोजले. गाव मोजलं नाही,” ते म्हणाले. “घरात आजार आहे, तेव्हा बाळाकडे लक्ष ठेवू. पण महिन्याला भिऊ नकोस. पुरे दिवस भरू देत.”

महरीनने पोटावर हात ठेवला. म्हणाली, “अम्मी, भूक लागलीय.”

रझिया उठली. उठता उठता तिने फोटोकडे बोट केलं. “हे कोण?”

“माझे वडील. वर्षभर बोटीवर असायचे.”

“मग घरी कधी यायचे?”

“मे महिन्यात,” म्हणता म्हणता डॉक्टरांना स्वतःची जन्मतारीख आठवली.